जात्याची घरघर आणि घरचा सर्व्हर

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या आजोळी मोबाइलला रेंज मिळते ती खळ्याच्या कडेला, तुळशीपाशी. मावशी संध्याकाळी दिवा लावून झाला की तिथेच खुर्ची टाकून बसते आणि फोन हातात घेते. डोंबिवलीला माझ्या घरी ठेवलेल्या सर्व्हरवरचे (दिवसरात्र चालू राहून इतरांना फाइल पुरवणाऱ्या कॉम्प्युटरवरचे) घरगुती व्हिडिओ त्या तुळशीपर्यंत पोचवायला मला वर्षभराहून जास्त वेळ लागला. मी हिशेबाच्या कामातली बाई, हे सगळं करता करता शिकले. घरी असा सर्व्हर असेल आणि गावाकडची माणसं "चालत नाही गं" म्हणून गप्प बसत असतील, तर हे उपयोगी पडावं म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

सुरुवात कॅसेटपासून झाली. आईच्या कपाटात व्हीएचएसच्या अकरा कॅसेट होत्या. लग्नं, दोन मुंजी, एक गणपती, आजोबांची पंचाहत्तरी. दोन कॅसेटच्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसायला लागले होते, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये घाई केली. दादरच्या एका दुकानात कॅसेटमागे ३५० रुपये ठरले, म्हणजे ३,८५०. बुरशी साफ करायचे ४०० वेगळे. आठ दिवसांचा वायदा होता, तेवीस दिवस लागले. बुरशी लागलेली कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये "बघू तरी" म्हणून घालू नका. फीत तुटते आणि व्हीसीआरचं हेडही खराब होतं. दुकानात डीव्हीडी न मागता पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर फाइल मागा आणि "काही सुधारू नका, जशी आहे तशी द्या" असं सांगा. मला एमपेग-२ या जुन्या पद्धतीच्या, ८ एमबीपीएसच्या (सेकंदाला ८ मेगाबिट) फाइल मिळाल्या. तासाला ३.६ जीबी. एकूण २६ तास, म्हणजे साधारण ९४ जीबी.

जानेवारी २०२४ मध्ये एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घेतला, १७,५०० रुपये. ४ टीबीची डिस्क १०,२०० ला. दिवसरात्र चालू ठेवून महिन्याला सात-आठ युनिटं जळतात. त्यावर लिनक्स आणि जेलीफिन (आपल्या डिस्कवरचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर दाखवणारा प्रोग्राम) टाकलं. एंबी नावाच्या तशाच प्रोग्रामने आपला कोड लोकांना बंद केला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही जणांनी जुना खुला कोड घेऊन जेलीफिन सुरू केलं. त्याला वर्गणी नाही, आणि चालू व्हिडिओ तिथल्या तिथे बारीक (कमी आकाराचा) करून पाठवायचं काम ते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर विनामूल्य करतं. कॅसेटबरोबर सगळ्यांच्या फोनमधले २०१५ पासूनचे व्हिडिओही त्यात ओतले. ते १.३ टीबी भरले.

घरात सगळं छान चाललं. घराबाहेरून मात्र सर्व्हर दिसेना.

त्याचं कारण कळायला आठवडा गेला. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूचा, आयपी पत्ता १०० पासून सुरू होणारा होता. दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल तर समजायचं की कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून काहीच होत नाही. मी इंटरनेट कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागितला. वर्षाला २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. सोबत अर्ज, आधारची प्रत, फोटो आणि "पत्ता कशासाठी हवा" याचं सहीनिशी पत्र. १९ जानेवारीला सगळं दिलं. तक्रार क्रमांक आला, चार दिवसांनी "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारून बंद झाला. मी घरीच होते. दुसऱ्यांदा दिलं, पुन्हा तेच. तिसऱ्या फोनवर कळलं की घरगुती प्लॅनवर हे मिळतच नाही, व्यावसायिक प्लॅन घ्यावा लागेल. पैसे भरले नव्हते, एवढं बरं. पण तीन आठवडे गेले. तुम्ही अर्ज भरण्याआधी "माझ्या प्लॅनवर मिळतो का" हा प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर मागा.

शेवटी टेलस्केल वापरलं. सर्व्हरवर आणि प्रत्येकाच्या फोनवर ते ॲप टाकलं की ती यंत्रं एकमेकांना खासगी जाळ्यात दिसतात, सार्वजनिक पत्ता लागत नाही. घरगुती वापराला फुकट आहे. ३ मे २०२४ ला आम्ही गावी गेलो तेव्हा मावशीच्या फोनवर मीच टाकून दिलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मावशीला हवी होती १९९६ च्या मे महिन्यातली कॅसेट. धाकट्या मावशीचं लग्न. त्यात घाणा भरण्याचा कार्यक्रम आहे. मागच्या पडवीत जात्यावर हळद दळताहेत आणि आजी ओव्या म्हणते आहे. आजी जाऊन आता अठरा वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

मावशीने तुळशीपाशी बसून व्हिडिओ लावला. मी जेलीफिनमध्ये तिच्यासाठी सर्वात खालची गुणवत्ता आधीच निवडून ठेवली होती. दोन सेकंद मांडव दिसला आणि थांबला. परत दोन सेकंद. दहा मिनिटांनी तिने फोन माझ्याकडे दिला. "अगो, तां नुसतां गोल गोल फिरतां."

मी वेग मोजला. दिवसा ०.६ ते ०.९ एमबीपीएस. पण खरी अडचण वेगाची नव्हती. लाइन मध्येच तीस-चाळीस सेकंद पूर्ण तुटायची. आयत्या वेळी बारीक केलेला व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. तुकडा आला नाही की सगळं थांबतं. संथ पण सलग लाइनवर ही पद्धत चालते, तुटक्या लाइनवर नाही. मग म्हटलं, डाउनलोड करून घेऊ. पण जेलीफिन डाउनलोडला देतं ती मूळ फाइल. तीन तासांची कॅसेट म्हणजे १०.८ जीबी. ०.८ एमबीपीएसने सलग तीस तास.

तिथेच ठरलं की व्हिडिओ आधी बारीक करून ठेवायचा. तयार फाइलचा आकार ठरलेला असतो, मध्येच लाइन गेली तर डाउनलोड तिथूनच पुढे सुरू होतं, रात्री फोन तुळशीपाशी ठेवून दिला तरी सकाळपर्यंत उतरतो. आणि कुठला व्हिडिओ बारीक करायचा हे मावशीने सांगायचं, मी नाही. नवऱ्याने विचारलं, सगळेच का करून ठेवत नाहीस? कॅसेटचं झालं असतं. फोनमधल्या १.३ टीबीला त्या छोट्या पीसीला कित्येक आठवडे लागले असते, आणि यादीत प्रत्येक व्हिडिओ तीन-चारदा दिसला असता. टीडार किंवा अनमॅनिकसारखी साधनं आहेत, पण ती सरसकट सगळं बदलण्यासाठी आहेत. मला मागणीप्रमाणे हवं होतं.

जून २०२४ मध्ये पहिली फाइल केली, एफएफएमपेग हा व्हिडिओ बदलायचा प्रोग्राम वापरून, ३६० ओळी उंचीच्या चित्राची. गुरुपौर्णिमेच्या आधी मावशीला पाठवायची होती, म्हणून आधी स्वतः बघितली. आजीचा हात जात्याच्या खुंट्यावर. हात फिरायला लागला की हिरव्या बांगड्यांच्या कडेला कंगव्याचे दात उमटायचे. हात थांबला की दात नाहीसे. व्हीएचएसच्या चित्रात एक फ्रेम दोन वेळांची असते. विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतरच्या. फाइल लहान करण्याआधी त्या ओळी सोडवाव्या लागतात, नाहीतर ते दात चित्रात कायमचे भाजले जातात आणि मग निघत नाहीत. दुकानदाराला "जशी आहे तशी द्या" सांगायचं ते यासाठी. बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर आधी लावलं आणि बांगड्या गोल दिसल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे दाणे. जुन्या फितीवर सगळीकडे बारीक दाणे नाचत असतात आणि कमी बिटरेटमध्ये (सेकंदाला थोडेच बिट दिले की) बहुतेक बिट त्या दाण्यांवर खर्च होतात, चेहऱ्याला उरत नाहीत. एचक्यूडीएन३डी या फिल्टरने ते हलके पुसले तेव्हा त्याच आकारात आजीच्या कपाळावरचं गोंदण दिसायला लागलं. व्हीएचएसमध्ये मुळात तपशील थोडाच असतो, त्यामुळे ३६० ओळींत फारसं काही गमावत नाही. फोनवर तर फरक कळतही नाही.

माझी आजची मापं देते. "लहान" म्हणजे ३६० ओळी, चित्र आणि आवाज मिळून सुमारे ३३० केबीपीएस, तासाला १५० एमबी. "अगदी लहान" म्हणजे २४० ओळी, सुमारे १५० केबीपीएस, तासाला ७० एमबीच्या आत. व्हिडिओ आवळायची पद्धत एच.२६४ ठेवली, कारण नातेवाइकांच्या जुन्या फोनवरही ती चालते. एचईव्हीसी या नव्या पद्धतीने फाइल आणखी लहान झाली असती, पण दोन फोनवर अडखळली. हे काम ग्राफिक्सवर न करता प्रोसेसरवर, एक्स२६४ या एच.२६४ फाइल बनवणाऱ्या साधनाच्या "स्लो" सेटिंगने करा. वेळ जास्त लागतो, पण इतक्या कमी बिटरेटला चित्र स्पष्टपणे चांगलं येतं, आणि रात्रीच्या कामाला घाई नसते. "फास्टस्टार्ट" विसरू नका, म्हणजे फाइल पूर्ण उतरायच्या आधीही लागते. नव्या फोनमधले एचडीआर (जास्त उजेड-रंगांचे) व्हिडिओ असतील तर रंगांचं टोनमॅपिंग करून, म्हणजे ते साध्या पडद्याच्या मापात बसवून, ८ बिटवर आणा. ते न करता मी भाचीचा नाच बारीक केला तर तिचा लाल परकर पिठात बुडवल्यासारखा दिसला.

आता मागणी कशी घ्यायची? जेलीफिनमध्ये प्रत्येक व्हिडिओवर हृदयाचं चिन्ह असतं. जुलैमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, जे बारीक करून हवं त्याचं हृदय दाबा. एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. ती दर पंधरा मिनिटांनी जेलीफिनच्या एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीला) विचारायची की कोणाची कोणती नवी आवडती आहेत, आणि ती रांगेत लावायची. डॅशबोर्डमध्ये एपीआयची किल्ली तयार करता येते, ती मी तेव्हा विनंतीसोबत एक्स-एंबी-टोकन या हेडरमध्ये दिली. त्या नावात जुन्या घराण्याची, एंबीची, खूण तेव्हाही राहिली होती.

पहिल्या आठवड्यात मावशीने ४१ हृदयं दाबली. तिला बारीक करून हवे होते दोन. बाकीच्या एकोणचाळीस व्हिडिओंत तिची माणसं होती आणि ती तिला आवडली होती, म्हणून हृदय. हे तिचं बरोबरच होतं, चिन्ह मी चुकीचं निवडलं होतं. पण रांग चार रात्री चालली आणि मामेभावाची मागणी तिच्या मागे अडकली. तो तेलवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. शुक्रवारी बंदर सोडायचं होतं, त्याआधी त्याला मुलीच्या स्नेहसंमेलनातला नाच हवा होता. "ताई, आजच्या आज होईल का?" मी मध्यरात्री उठून हाताने करून दिला. सहा मिनिटांचा फोरके व्हिडिओ, १ जीबीचा, झाला १५ एमबी.

ऑगस्टमध्ये सगळं बदललं. प्रत्येकाच्या खात्यात तीन प्लेलिस्ट करून दिल्या: "लहान करून दे", "अगदी लहान करून दे" आणि "फक्त आवाज". व्हिडिओवरच्या तीन टिंबांतून प्लेलिस्टमध्ये टाकला की मागणी नोंदली. फाइल तयार झाली की स्क्रिप्ट त्याला प्लेलिस्टमधून काढते, म्हणजे यादी रिकामी दिसली की समजायचं, झालं. रांगेत आता प्रत्येक माणसाचा एकेक व्हिडिओ आळीपाळीने घेतला जातो, आणि त्यातही लांबीने छोटा आधी.

तयार फाइल कुठे ठेवायची यावरही आठ दिवस घोळ झाला. मूळ फोल्डरमध्येच, नावापुढे डॅश देऊन "३६०पी" लिहून ठेवली तर जेलीफिन त्या एकाच व्हिडिओच्या दोन आवृत्त्या मानतं. दिसायला नीटनेटकं. पण यादीत मोठी आवृत्ती आधी येते, आणि मावशीला दर वेळी छोटी निवडायला लागायची. म्हणून "हलके व्हिडिओ" नावाची वेगळी लायब्ररी केली. मावशीच्या खात्याला आता फक्त तीच आणि मूळची यादी दिसते, त्यातही डाउनलोडची परवानगी चालू. वेगळ्या लायब्ररीचा आणखी एक उपयोग झाला. एका चुलतबहिणीने तिच्या लग्नाची कॅसेट कोणाला दिसू नये असं सांगितलं. ती कॅसेट एका स्वतंत्र लायब्ररीत हलवली, फक्त तिच्या खात्याला परवानगी ठेवून. घरच्यांचे व्हिडिओ सर्वांसाठी खुले करण्याआधी त्यातल्या माणसांना विचारा. मी आधी विचारलं नव्हतं, विचारायला हवं होतं.

एक बारीकशी गोष्ट. फाइल थेट लायब्ररीच्या फोल्डरमध्ये तयार करू नका. जेलीफिन ती अर्धवट असतानाच यादीत घेतं. त्याच डिस्कवर बाजूच्या फोल्डरमध्ये करा आणि पूर्ण झाली की हलवा.

आता "फक्त आवाज" बद्दल. ही यादी मावशीमुळे झाली. ऑगस्टच्या शेवटी पाऊस इतका होता की वीज गेली की टॉवरही जायचा. २४० ओळींची फाइलही तीन रात्री उतरेना. फोनवर ती म्हणाली, "माका चित्र नको गो. आयेचो आवाज तेवढो व्हयो." तीन तासांतली आजीची चौदा मिनिटं मी कापून काढली, मोनो एएसी, ४८ केबीपीएस. ५ एमबी झाली. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती, ४ तारखेला रात्री पाठवली. दहा मिनिटांत पोचली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. तिने ऐकलं होतं, रडली होती, हे आवाजावरून कळत होतं. पण म्हणाली, "जातां खंय गेलां?"

मला आधी समजलंच नाही. मग मूळ कॅसेट हेडफोन लावून ऐकली. आजीच्या आवाजाखाली जात्याची घरघर आहे, आणि ओवीची ओळ त्या फेऱ्यावर बसवलेली आहे. दर फेऱ्याला थोडं वजन, मग ओढ. फितीत विजेची गुणगुण होती, ती काढायला मी २०० हर्ट्झखालचं सगळं कापून टाकलं होतं. त्यात जातं गेलं. आजी कशाचाही आधार नसताना गात होती. मावशीने त्या जात्याचा दुसरा खुंटा धरला होता, तिला ते लगेच कळलं. मी ती फाइल पुन्हा केली. आपल्याकडे विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, आणि तिच्या पटीत १०० व १५० ला. तेवढ्याच तीन बारीक चिरा पाडल्या, बाकी हात लावला नाही. थोडी गुणगुण उरली आहे. जातं आहे. ६ तारखेला, हरतालिकेच्या दिवशी, तिला पुन्हा पाठवली.

तेव्हापासून कॅसेटचे तुकडे करायला घेतले. प्लेलिस्टमध्ये "या मिनिटापासून त्या मिनिटापर्यंत" असं सांगता येत नाही. म्हणून लग्नाच्या प्रत्येक कॅसेटचे घाणा, हळद, मंगलाष्टका, जेवण, वरात असे वेगळे व्हिडिओ केले. या कामाला सहा रविवार गेले आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. तीन तासांची मागणी आता जवळपास कोणी करत नाही. माझा सल्ला, सर्व्हर लावायच्या आधीच हे करा.

मामेभावाच्या जहाजावर टेलस्केल चालत नाही, तिथे व्हीपीएन (अशी खासगी जाळी) अडवलेली आहेत. त्याला महिन्याला २ जीबी मिळतात आणि व्हॉट्सॲप चालतं. तो नाव कळवतो, मी ते त्याच्या यादीत टाकते, सकाळी तयार फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवते. व्हिडिओ म्हणून पाठवली तर व्हॉट्सॲप ती पुन्हा आवळतं आणि आपण केलेलं सगळं वाया जातं.

३० ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, मावशीचं सगळं बंद पडलं. सर्व्हर चालू, जेलीफिन चालू, बाकी सगळ्यांचं चालू. फराळाचं करता करता मी दोन तास शोधत होते. मग ३ मे ही तारीख आठवली. टेलस्केलची किल्ली, म्हणजे त्या यंत्राचं लॉगइन, आपणहून १८० दिवसांनी संपते आणि त्या दिवशी १८० भरले होते. सर्व्हरची मुदत मी सुरुवातीलाच बंद केली होती, तिच्या फोनची राहिली. पुन्हा लॉगइन करायला शेजारचा कॉलेजातला मुलगा मदतीला आला, तुळशीपाशी दोघं उभे, मी फोनवर, चाळीस मिनिटं लागली. टेलस्केलच्या व्यवस्थापनाच्या पानावर प्रत्येक यंत्रापुढे किल्लीची मुदत बंद करायची सोय आहे. वयस्कर माणसांच्या फोनसाठी ती पहिल्याच दिवशी वापरा, आणि फोन हरवला तर ते यंत्र त्याच पानावरून लगेच काढून टाका.

जानेवारी २०२५ अखेर रांगेतून ६३ मागण्या पूर्ण झाल्या आहेत. त्यातल्या २७ "फक्त आवाज". हे मला अपेक्षित नव्हतं. आजोबांच्या पंचाहत्तरीतलं त्यांचं भाषण, गणपतीपुढची आरती, एका मुंजीत पंक्तीला चाललेला आग्रह. काल मावशीने नवी मागणी टाकली आहे, १९९६ चीच, "वरात". "लहान करून दे" मध्ये. रात्री फोन करून मुद्दाम सांगितलं की यातलं बेंजो आणि ढोल जसेच्या तसे ठेव.